नैवेद्याच्या ताटातली भजी

गौरी-गणपतीच्या दिवसांत घरोघरी नैवेद्याचे ताट वाढले जाते तेव्हा सगळ्यांचे लक्ष मोदकाकडे असते. मोदकाविषयी स्मरणिकांमधून पुष्कळ लिहूनही झाले आहे. त्याच ताटात डाव्या अंगाला, चटणी-कोशिंबिरीच्या शेजारी दोन-चार भजी वाढलेली असतात. त्यांच्याकडे अभ्यासाच्या नजरेने सहसा कोणी पाहात नाही. भजी म्हणजे पावसात चहाबरोबर खायची चीज, तिला कसला आला आहे इतिहास, असा आपला समज असतो. यंदा आम्ही तोच इतिहास थोडा उलगडून पाहायचे ठरवले.

त्याला कारणही आहे. आपल्या हैदराबादेत उत्सवातल्या खाद्यपदार्थांच्या टेबलाभोवती अलीकडे एक वाद हमखास ऐकू येतो. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईहून नव्याने आलेली मंडळी मिरची बज्जी पाहून म्हणतात, "ही काही आपली भजी नव्हेत, ही इकडची." जुन्या घरांतली मुले तर ओव्याच्या पानांची भजीसुद्धा तेलुगू पदार्थ समजतात, कारण ती त्यांनी आपल्या घरापेक्षा शेजारच्या घरी अधिक वेळा खाल्लेली असतात. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आम्हा मराठी माणसांना "आपले काय आणि इकडचे काय" हा प्रश्न नवा नाही. भाषेबद्दल, पेहरावाबद्दल, आडनावाच्या उच्चाराबद्दलही तो विचारला जातो. भज्यांच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर बऱ्यापैकी पुराव्यानिशी देता येते, आणि ते उत्तर दोन्ही बाजूंना थोडे अनपेक्षित आहे.

नावापासून सुरुवात

'भजे' हा शब्द भाजणे या अर्थाच्या संस्कृत 'भर्ज्' कुळातला. आपले 'भाजणे' आणि 'भाजणी' त्याच घरचे. तेलुगू आणि कन्नड शेजाऱ्यांनी हा शब्द घेतला तेव्हा त्यांच्या बोलण्यात 'भ'चा 'ब' झाला आणि भजीची 'बज्जी' झाली. जुन्या शहरातले लोक दख्खनी उर्दूत 'भजिये' म्हणतात, गुजरातेत 'भजिया' म्हणतात. उत्तरेतला 'पकोडा' हा वेगळ्या वंशाचा. तो 'पक्व' आणि 'वट' म्हणजे शिजवलेला वडा यांच्यापासून आला, असे शब्दकोशकार सांगतात. इथल्या तेलुगू घरांत 'पकोडी'ही आहे आणि 'बज्जी'ही आहे. पीठ आणि चिरलेली भाजी एकत्र कालवून सोडली तर पकोडी, अख्खी चकती किंवा पान पिठात बुडवून सोडले तर बज्जी. आपण दोन्हींना भजीच म्हणतो. हा भेद आपल्यापेक्षा त्यांनी नीट राखला आहे.

तेव्हा नावापुरते बोलायचे तर मिरची बज्जी ही परकी नाही. मिरचीचे भजेच ते.

कल्याणीच्या राजाचे स्वयंपाकघर

हैदराबादहून मुंबईच्या वाटेने निघाले की जहीराबाद, हुमनाबाद मागे टाकल्यावर महामार्गापासून थोडे आत बसवकल्याण लागते. आज ते कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव आहे. बाराव्या शतकात तीच चालुक्यांची राजधानी कल्याणी होती. विक्रमादित्य सहावा याचा मुलगा सोमेश्वर तिसरा याने ११२६ ते ११३८ या काळात तिथून राज्य केले. त्याच्या नावावर 'मानसोल्लास' किंवा 'अभिलषितार्थचिंतामणी' हा संस्कृत ग्रंथ आहे. पाच भाग, प्रत्येक भागात वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्यकारभार, हत्ती-घोडे, रत्नपरीक्षा, चित्रकला, संगीत, खेळ असे राजाच्या जीवनातले बहुतेक सगळे विषय त्यात आहेत. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ आणखी एका कारणासाठी ठाऊक असतो. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंद त्यातच आहे.

त्या ग्रंथात 'अन्नभोग' नावाचे प्रकरण आहे. राजाने काय जेवावे आणि ते कसे करावे, याचे वर्णन त्यात आहे. मांडे आहेत, पुरणाच्या पोळीचे पूर्वरूप आहे, इडली आणि डोशाची जुनी नावे आहेत. डाळ भिजवून वाटून तळलेले वडे आहेत आणि ते दह्यात मुरवायची रीतही आहे. हरभऱ्याच्या पिठाला हिंग-मीठ लावून तेलात तळायचे पदार्थ आहेत. मिरचीचे किंवा बटाट्याचे नाव मात्र कुठेही नाही, आणि ते असणे शक्यही नव्हते. ते का, ते पुढे येईलच. तिखटपणासाठी तेव्हा मिरे, आले, पिंपळी होती.

म्हणजे भज्यांना लागणारे अर्धे सामान आणि सगळी क्रिया नऊशे वर्षांपूर्वी इथे, आपल्या आजच्या घरांपासून अर्ध्या दिवसाच्या प्रवासावर तयार होती. हरभऱ्याचे पीठ होते, हिंग होता, तेल होते, कढई होती. दख्खनच्या काळ्या मातीत पावसाची ओल धरून रब्बीत येणारा हरभरा हे इथले हक्काचे पीक आहे. गहू सगळीकडे होत नसे, हरभरा होई. त्यामुळे तळणाचे पीठ इथे बेसनाचे झाले, हे साहजिकच होते.

ज्या प्रदेशातला हा ग्रंथ, तो पुढे शतकानुशतके एकच मुलूख म्हणून नांदला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी उर्दू बोलणारी माणसे एकाच बाजारात हरभऱ्याची डाळ घेत होती. निजामाच्या हैदराबाद संस्थानात बसवकल्याणही होते, मराठवाड्याचे पाच जिल्हेही होते आणि तेलंगणही होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात, कल्याणी म्हैसूर राज्यात, हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले. नकाशावर रेषा त्या दिवशी पडल्या. कढईत त्या कधी पडल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. हा 'मानसोल्लास' आधुनिक वाचकांपर्यंत पोचला तो बडोद्याहून. सयाजीराव गायकवाडांच्या काळात सुरू झालेल्या 'गायकवाड ओरिएंटल सीरिज'मध्ये गजानन श्रीगोंदेकर यांनी तो संपादित केला. १९२५, १९३९ आणि १९६१ असे त्याचे तीन खंड निघाले. कल्याणीच्या कानडी राजाचा संस्कृत ग्रंथ गुजरातेतल्या मराठी संस्थानात छापला गेला. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांनी केलेल्या कामांत याचीही मोजदाद व्हायला हवी.

गोव्याच्या वाटेने आलेले पाहुणे

१४९८ साली पोर्तुगीज कालिकतला उतरले आणि १५१० साली त्यांनी गोवा घेतला. अमेरिका खंडातली पिके त्यांच्या गलबतांतून हिंदुस्थानात आली. त्यांत मिरची होती. बटाटाही त्याच खंडातला, फक्त तो आपल्या शेतात रुळायला बराच अधिक काळ लागला. त्याचे मराठी नाव थेट पोर्तुगीज 'बटाटा'च आहे. आम्ही इथे बाजारात हिंदी-उर्दूच्या सवयीने 'आलू' म्हणतो, तेलुगूत त्याला 'बंगाळादुंप' म्हणजे बंगालचा कंद असेही म्हणतात. नाव काहीही घ्या, त्याचे मूळ गाव दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत आहे.

मिरचीच्या नावाची गंमत याहून मोठी आहे. ही नवी तिखट शेंग आल्यावर लोकांनी तिला जुन्या तिखटाच्या, म्हणजे मिऱ्याच्या नावावरून नाव दिले. मराठीत मिरे आणि मिरची. कोकणीत मिरी आणि मिरसांग. कन्नडात मिऱ्याला 'मेणसु', मिरचीला 'मेणसिनकाई'. तेलुगूत मिऱ्याला 'मिरियालु', मिरचीला 'मिरपकाय'. चार भाषा, चार शेजारी, आणि पाहुण्याचे बारसे करायची रीत एकच. मिरची इतकी घरची झाली की आज तिच्याशिवाय दख्खनचे जेवण डोळ्यांपुढे येत नाही, आणि गुंटूर-वरंगळची मिरची तर देशभर जाते.

आता वाद करणाऱ्यांनी दोन भजी शेजारी ठेवून पाहावीत. एक पुण्याचे बटाट्याचे भजे, एक हैदराबादचे मिरचीचे. दोन्हींचे आवरण दख्खनच्या हरभऱ्याचे आहे आणि दोन्हींच्या आतला ऐवज अमेरिकेतून समुद्रमार्गे आलेला आहे. यातले एक आपले आणि दुसरे इकडचे, असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

पोर्तुगिजांनी तळणाची आपली पद्धत मात्र दुसरीकडे नेली. त्यांच्याकडे फरसबी अंडी-मैद्याच्या पिठात बुडवून तळतात. त्या पदार्थाचे नाव आहे 'पेशिन्यूश द ओर्ता', म्हणजे 'बागेतले छोटे मासे'. १५४३ साली पोर्तुगीज जपानला पोचले. १५४९ साली फ्रान्सिस झेविअर गोव्याहून निघून जपानला गेला. पुढे नागासाकी बंदरात पोर्तुगिजांची वस्ती झाली. १६३९ साली जपानी राज्यकर्त्यांनी त्यांना देशातून घालवून दिले, पण पिठात बुडवून तळायची रीत मागे राहिली. तिलाच जपानी लोक 'टेंपुरा' म्हणतात. हे नाव लॅटिन 'क्वात्तुओर तेंपोरा' म्हणजे वर्षातून चार ऋतूंत येणाऱ्या व्रताच्या दिवसांवरून पडले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. त्या दिवसांत कॅथलिक लोक मांस वर्ज्य करून मासे आणि भाज्या तळून खात.

व्रताचे दिवस आले की भाज्या पिठात बुडवून तळायच्या, हे आपल्याला नवीन नाही. आपला चातुर्मास नेमके हेच करतो.

कांदा बाहेर, बटाटा आत

आषाढ शुद्ध नवमीला आपल्याकडे कांदेनवमी म्हणतात. दोनच दिवसांनी देवशयनी एकादशी आणि चातुर्मास सुरू. पुढचे चार महिने कांदा, लसूण आणि वांगे बंद, म्हणून त्या दिवशी कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ असा बेत होतो. गणेशचतुर्थी भाद्रपदात, म्हणजे ऐन चातुर्मासात येते. त्यामुळे नैवेद्याच्या ताटात कांदाभजी नसतात. घोसाळ्याची, कच्च्या केळ्याची, मायाळूच्या किंवा ओव्याच्या पानांची भजी असतात. आणि अनेक घरांत बटाट्याचीही असतात.

आता हा हिशेब पाहा. कांदा आपल्या देशात अडीच-तीन हजार वर्षांचा तरी जुना रहिवासी. चरकसंहितेत 'पलांडु' म्हणून त्याचे गुणदोष सांगितले आहेत. मनुस्मृतीने लसूण आणि कांदा द्विजांना वर्ज्य केला, म्हणजे तेव्हा तो घरोघर पोचलेला होताच. सातव्या शतकात आलेल्या युआन च्वांग या चिनी यात्रेकरूनेही इथे कांदा-लसूण थोडेच लोक खातात, अशी नोंद केली. इतका जुना कांदा आजही नैवेद्याच्या ताटाबाहेर उभा आहे. बटाटा आणि मिरची मात्र त्यानंतर कितीतरी शतकांनी परदेशी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून येऊन ताटात जाऊन बसले. बटाटा तर उपासालासुद्धा चालतो!

नैवेद्याचे ताट कोणाचा जन्म कुठला हे विचारत नाही, एवढाच याचा अर्थ. कोणती वस्तू घरात कशी वागते, स्वयंपाक करणाऱ्या बाईला ती सात्त्विक वाटते की नाही, यावर ते ठरत गेले. कोणी पंचांगात लिहून बटाट्याला आत घेतलेले नाही. कोणा आजीने एका वर्षी घोसाळी मिळाली नाहीत म्हणून बटाट्याच्या चकत्या केल्या असतील, देवापुढे ठेवल्या असतील आणि काही बिघडले नाही हे पाहून पुढच्या वर्षीही केल्या असतील. रूढी बहुधा अशीच घडते. ज्या मराठी घरांच्या चार-पाच पिढ्या परमुलखात गेल्या, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

तळण म्हणजे सण

आज आपण मनात आले की कढई ठेवतो. पूर्वी तसे नव्हते. 'तेल' हा शब्दच तिळापासून आला. दख्खनमध्ये तीळ, करडई आणि जवस ही तेलाची पिके होती. तेल्याच्या लाकडी घाण्यावर, बैलाच्या चालीने निघणारे तेल मोजूनमापून येई. कढईभर तेल एका पदार्थासाठी तापवायचे हे सामान्य घराला परवडणारे नव्हते. भुईमूग हासुद्धा दक्षिण अमेरिकेचाच. आपल्या बाजूला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर पसरला. तेलाच्या गिरण्या निघाल्या, आणि मग कुठे तळण स्वस्त झाले. रस्त्याच्या कडेला भज्यांची गाडी उभी राहणे त्यानंतरच शक्य झाले.

म्हणूनच आपल्या भाषेत 'आज तळण आहे' या वाक्याला सणाचा वास आहे. सुतकात तळण करत नाहीत. दुःखाच्या घरात कढई पुन्हा चढते तेव्हा घर सावरायला लागले, असे समजले जाते. नैवेद्याच्या ताटातली दोन भजी ही त्या जुन्या काळची खूण आहे. घरात आज आनंद आहे, तेल खर्च करण्याजोगा आनंद आहे, एवढे ती सांगतात.

कुरकुरीतपणाचे गणित

ही भजी घरी कुरकुरीत होत नाहीत, मऊ पडतात किंवा तेलकट होतात, ही तक्रार सगळीकडची आहे. नैवेद्याच्या दिवशी तर आणखी अडचण. देवाला दाखवेपर्यंत चव पाहायची नाही. म्हणून पूर्वीच्या बायकांच्या हाताला अंदाज पक्का असे. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' हे मराठीतले सुरुवातीचे पाकपुस्तक छापले गेले. १९७० साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि वाटी-चमच्याचे माप घरोघर पोचले. माहेर-सासर दोन्ही महाराष्ट्राबाहेर असलेल्या कितीतरी मुलींना लग्नात ते पुस्तक मिळाले आहे. त्याच वाटी-चमच्याच्या भाषेत, आमच्या घरी होते ते असे.

एक वाटी बेसन घ्यावे. डाळ गिरणीतून जराशी भरड दळून आणली तर उत्तम. त्यात दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, हाताने चुरडलेला ओवा, चिमूटभर हिंग आणि अर्धा चमचा मीठ घालावे. एक मोठा चमचा तेल कडकडीत तापवून त्याचे मोहन पिठावर घालावे आणि चमच्याने मिसळून घ्यावे. मग थोडे थोडे पाणी घालत पीठ भिजवावे. अर्धी ते पाऊण वाटी पाणी पुरते. चमच्याच्या पाठीवर थर बसेल आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहील, इतपत ते दाट हवे.

यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी, तेही सांगायला हवे. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो. ते जास्त ढवळले तर तळण चिवट होते. त्यामुळे टेंपुरा करणारा जपानी आचारी बर्फाचे पाणी घालतो आणि पीठ जेमतेम कालवतो, गुठळ्या राहिल्या तरी चालतात. बेसनात तो चिकटपणा नाही. म्हणून आपले पीठ हाताने एका दिशेने भरपूर फेटायचे. त्यात हवा कोंडते आणि सोड्याशिवाय भजी हलकी होतात. सोडा घातला की भजी फुगतात खरी, पण जास्त झाला तर मऊ पडतात आणि तेल पितात. तांदळाच्या पिठाने कवच कडक राहते. मोहनाने ते खुसखुशीत होते. ओवा आणि हिंग पचनासाठी.

घोसाळ्याची साल हलकेच खरवडून पातळ चकत्या कराव्या. त्यांना आधी मीठ लावून ठेवू नये, पाणी सुटते. पाने धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करावी, नाहीतर पीठ पानावरून घसरते. तेल तापले की पिठाचा एक थेंब सोडून पाहावा. तो तळाशी जाऊन लगेच वर यावा, पण लगेच लाल होऊ नये. मापात सांगायचे तर १७० ते १८० अंश सेल्सिअस. या तापमानाला भाजीतले पाणी वाफ होऊन जोराने बाहेर येत राहते आणि तेलाला आत शिरू देत नाही. एकदम खूप भजी सोडली की तेल थंड होते, वाफेचा जोर कमी पडतो आणि तेल आत शिरते. तेलकट भज्यांचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. तळलेली भजी चाळणीत काढावी. डब्यात घालून झाकण लावले की तीच वाफ त्यांना मऊ करते.

कांदेनवमीच्या कांदाभज्यांची तऱ्हा उलटी. तिथे उभा चिरलेला कांदा मीठ लावून पंधरा मिनिटे ठेवायचा आणि त्याला सुटलेल्या पाण्यातच मावेल तेवढे बेसन मिसळायचे. वरून पाणी घालायचे नाही. अशी वेडीवाकडी, पाय फुटलेली भजी म्हणजे आपली खेकडा भजी.

आणि आपल्या शहराची स्वतःची युक्ती म्हणजे 'कट मिर्ची'. मिरचीचे भजे एकदा तळायचे, काढून त्याचे तुकडे करायचे आणि ते तुकडे पुन्हा कडक तेलात सोडायचे. दुसऱ्या तळणात उरलेली ओल निघून जाते. वर बारीक कांदा आणि लिंबू. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीभोवती जी गर्दी असते ती याचसाठी. आम्ही घरी बटाट्याच्या भज्यांनाही हीच रीत लावून पाहिली. चांगली लागू पडते.

शेजाऱ्यांनी जपलेले

ओव्याची पाने ज्या झाडाची, ते खऱ्या ओव्याचे झाड नव्हे. जाडसर, लव असलेल्या पानांची ही वेगळी वनस्पती. वास ओव्यासारखा म्हणून ओव्याची पाने, कोणी पानओवाही म्हणतात. तेलुगूत तिला 'वामाकु' म्हणतात, त्याचा अर्थही ओव्याचे पानच. मायाळूला ते 'बच्चलि' म्हणतात, दोडक्याला 'बीरकाय', कच्च्या केळ्याला 'अरटिकाय', आणि या सगळ्यांची बज्जी त्यांच्या घरी आजही पावसाळ्यात होते.

आमच्या लहानपणी काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी वाड्यांत मागच्या दारी मायाळूचा वेल असे, पानओव्याची कुंडी असे. वाडे पाडून इमारती झाल्या आणि मागचे दारच गेले. बटाटा आणि कांदा बारा महिने हातगाडीवर मिळतो, पानओवा कोणी विकत नाही. त्यामुळे आपल्या घरांत भजी म्हटले की बटाटा किंवा कांदा, एवढेच उरले. जी भजी मुलांना आज तेलुगू वाटतात, ती त्यांच्याच पणजीच्या नैवेद्याच्या ताटातली होती. शेजाऱ्यांनी ती आपल्याकडून घेतली की आपण त्यांच्याकडून, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. एकाच मुलुखात, एकाच पावसात दोघांच्याही मागच्या दारी तीच पाने उगवत होती. आपण ती गमावली, त्यांनी ठेवली.

तेव्हा आमचे वाचकांजवळ एक मागणे आहे. पानओव्याची एक फांदी तोडून ओल्या मातीत खोचली की आठ-पंधरा दिवसांत मूळ धरते. गच्चीवर, सज्ज्यात, खिडकीच्या कट्ट्यावरही ती वाढते. शेजारच्या अम्मांकडे मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. पुढच्या गणेशचतुर्थीपर्यंत आपल्यापैकी पन्नास घरांत जरी ही कुंडी झाली, तरी आपल्या खाद्यपदार्थांच्या टेबलावर एका संध्याकाळी फक्त पानांची आणि घोसाळ्याची भजी ठेवता येतील. शेजारीच मिरची बज्जीही असू द्या. मुलांना दोन्ही खाऊ द्या आणि दोन्हींची हकिगत सांगा. कोणते आपले, हे मग त्यांना विचारून पाहू.

गणपती बाप्पा मोरया!